बाबांच्या पोटावरचा कोळी

आमच्याकडे अंगावर काहीही उठलं की आरोपी ठरलेला: कोळी. पुरळ आलं, कोळी मुतला. फोड आला, कोळी चावला. बिचाऱ्याला बाजू मांडायची सोय नाही. गेल्या वैशाखात बाबांच्या पोटावर, बेंबीच्या जरा वर, भाजल्यासारखा काळपट डाग उठला तेव्हा बाबांनीच जाहीर केलं, "कोळी मुतलाय. बनियनमध्ये शिरला असणार मेला."

आईने खोबरेलात हळद कालवून लावली. डाग सुकेना, उलट शेजारी दुसरा उठला. बाबांना मधुमेह, आणि अशी जखम चिघळली की काय होतं ते आईने स्वतःच्या भावाच्या पायावर पाहिलेलं. तिची झोप उडाली. झाडू घेऊन ती घरभर जळमटं काढत सुटली आणि बाबा झोपाळ्यावर बसून तिला राहिलेले कोपरे दाखवत होते!

शेवटी मी दोघांना रत्नागिरीत डॉक्टरांकडे नेलं.

"कोळी बघितलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय बा," बाबा म्हणाले.

"मग कोळ्याचं नाव कशाला घेता?" त्यांनी साखर तपासली आणि आकडा बघून गंभीर झाले. "अंदाजाने औषध देणार नाही. कातडीचा तुकडा काढून तपासायला पाठवू."

बाबा ताडकन उठून बसले. "कापताय कशाला? चीक आहे तो, हापूसच्या देठाचा!"

मग सगळंच बाहेर आलं. साखर निघाल्यापासून आईने आमची आंब्याची बाग कराराने द्यायला लावली होती, घरात आंबा बंद. विहिरीजवळचं एक कलम तेवढं करारातून सुटलं होतं. बाबा पंप बघायला म्हणून जायचे, तयार आंबा काढायचे आणि बनियनमध्ये लपवून गोठ्यातल्या गवतात पिकत घालायचे. जन्म आंब्यात गेलेला माणूस, पण देठ खाली करून चीक गळू द्यायलाही थांबला नाही, इतकी घाई! मला हसू आवरेना. डॉक्टरही हसले.

आई हसली नाही. "तुम्हाला काही झालं असतं, तर मी भांडायचं कोणाशी हो?" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

घरी आल्यावर चहालाही न थांबता बाबा मला गोठ्यात घेऊन गेले, गवत बाजूला केलं आणि माझ्या हातात टोपली देऊन एकेक आंबा तिच्यात ठेवला. "शेजारी देऊन ये." शेवटचा तेवढा त्यांनी नाकाशी धरला, डोळे मिटून हुंगला, आणि मग ठेवला.