इवायाचे रातकिडे

जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुके चाळणीनं चाळले तरी माझ्या इवायासारखा दुसरा माणूस हाती लागायचा नाही. इवाई म्हणजे माझ्या सुनेचे वडील. राहणार आळ्याचे. शेती बरी, घर स्लॅबचं, टोपी कायम सरळ. लांबून बघितलं तर गावचा कारभारी वाटावा असा माणूस. जवळ गेलं की कळतं. लोक गाया पाळतात, कोंबड्या पाळतात, हा माणूस घरात रातकिडे पाळतो. पुण्यात म्हणे लोक हौसेनं सरडे आणि पाली सांभाळतात, आणि त्यांना रोज जिवंत रातकिडा खायला लागतो. तो इवाई पुरवतात. मी चौथी शिकलेला, मला आधी वाटलं माझी चेष्टाच चाललीय. मी म्हणालो, "पावणं, पाली आमच्या घरात बी हायेत. त्यांना कुणी ताट वाढत न्हाई." माझ्याकडं दयेनं बघत ते म्हणाले, "म्हणून तर रोडावल्यात."

बाजरीची खोली रिकामी करून त्यांनी तिथं मोठमोठे टप मांडले. टपात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे, त्यांच्या खळग्याखळग्यात रातकिडे. एका कडेला ओल्या नारळाच्या भुशाचा डबा, माद्यांना अंडी घालायला. वर उबेला पिवळा बल्ब. पाणी वाटीत ठेवायचं नाही, बुडून मरतात, म्हणून ओला स्पंज. आत जायचं तर चपला बाहेर आणि हात साबणानं धुवायचे, कारण तंबाखूचा हात किड्यांना बाधतो. माझे हात धुवून झाले की इवाई स्वतः हुंगून बघणार, आणि वास आला की परत मोरीवर धाडणार. लग्नात माझ्या मुलाचे पाय त्यांनी जेवढा वेळ धुतले नसतील तेवढा वेळ माझे हात धुवून घेतलेत. आत शेकडो नर एका दमात किर्र करत असतात, कानाचे पडदे फाटतील असे, आणि त्या कल्ल्यात हा माणूस माझ्या कानाशी बोंबलतो, "हळू बोला राव, बाळंतिणी हायेत!"

पण हे जनावर मरायला लई तयार. आज टुणटुणीत, उद्या उताणं. पहिल्यांदा मेले ते इवायांच्या भक्तीनं. नवरात्रात घट बसले, तेव्हा ह्यांनी देवाबरोबर रातकिड्यांनाही धूप दाखवला, तोही खिडकी लावून. आरती संपेपर्यंत सगळे देवाला भेटले. दुसऱ्यांदा पावसाळ्यात खालचा कचरा कुबट होऊन मरायला लागले, तर ह्यांनी ढोरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर बैलाची सुई घेऊन आले, टपात वाकून बघितलं, सुई वर धरली आणि म्हणाले, "टोचू कुठं?" तेही सगळे गेले. इवायांनी तीन दिवस दाढी केली नाही, गोडाला हात लावला नाही. विहीणबाई मला म्हणाल्या, "माझा बाप गेला तवा ह्यांनी दुसऱ्या दिवशी जिलबी हाणली व्हती. आन हितं सुतक पाळत्यात!" मग मला साक्षीला ठेवून त्यांनी बजावलं, "दादा, तुमच्याम्होरं सांगते. तिसऱ्यांदा मेलं तर टप उकिरड्यावर आन खोलीत बाजरी."

इवायांनी सरळ टोपी उगाच आणखी सरळ केली. धास्ती मलाही पडली, आणि ती का ते सांगतो. मागच्या पौषात आमची मालकीण गेली. तेव्हापासून जो भेटतो तो मान वाकडी करून विचारतो, "जेवता ना येळेवर?" मला डोक्यात जातं ते. इवायांनी एकदाही विचारलं नाही. मी गेलो की हातात चिमटा द्यायचे, "त्या टपातले मेलेले येचा." मी वेचायचो. दुपार कशी सरली कळायचं नाही. डिंभ्याहून आळ्याला जीपा बदलत, गुडघे पोटाशी घेऊन, मेलेले किडे वेचायला कोणी जातं का? मी दर आठवड्याला जात होतो. दुसऱ्या कुठं जावंसं वाटत नव्हतं.

आता इवायाकडं रिकाम्या हातानं जायची रीत नाही. ती होती तोवर पिशवी तीच भरायची. एके दिवशी मी भरली: वावरातली कोथिंबीर, हिरवीगार, पाच जुड्या. इवाई असे खूश झाले की दोन जुड्या तिथंच टपांत टाकल्या. "खा रं, डिंभ्याचा मेवा हाय!" दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "पावणं, गेले. समदे गेले."

पोचलो तर टप अंगणात मांडलेले, विहीणबाई झाडू घेऊन उभ्या, आणि इवाई एकेक ट्रे झटकत कारणं शोधतायत. बल्ब जास्त तापला असंल. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा धूर आला असंल. काहीच बसेना तेव्हा अमावास्येवर आले. मी टपातली कोथिंबिरीची काडी उचलली आणि मला आमचं वावर आठवलं. आमच्याकडं बाजारच्या मालावर औषध मारतात आणि घरी खायला एक वाफा बिनऔषधाचा ठेवतात. तो वाफा कुठला हे मालकिणीला ठाऊक. जन्मभर मी त्यातलं खाल्लं, विचारलं मात्र कधी नाही. ती गेल्यावर मी पंप पाठीला लावून सरसकट मारत सुटलो होतो. आदल्याच दिवशी मारला होता.

मी म्हणालो, "विहीणबाई, झाडू माझ्या डोक्यात घाला. कोथिंबिरीवर औषध व्हतं. मीच मारलं."

त्यांनी वळून स्वयंपाकघराकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आन उरलेल्या तीन जुड्यांच्या मी आज वड्या करणार व्हते!"

इवायांनी ट्रे खाली ठेवला. एकदम ताठ झाले. "ऐकलं का? आपल्या आधी त्यांनी खाऊन बघितलं! येवढं कोण करतं आजकाल? सख्खा भाऊ करंल का?"

विहीणबाईंना हसू आवरेना. झाडू टाकून त्या ओट्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग मीही हसलो. पौषानंतर पहिल्यांदा. बाजरीचं नाव पुन्हा निघालं नाही. भुशाच्या डब्यातली अंडी औषधातून वाचली होती, इवाई तो डबा दहा-बारा दिवस उबेला ठेवून बसले, आणि एका दुपारी फोनवर ओरडले, "निघाली! मव्हरीयेवढी बी न्हाईत, पन उड्या मारत्यात!"

त्या पिल्लांसाठी मी विहिरीजवळ एक वाफा वेगळा केला. परवा गडी पंप घेऊन आला, तेव्हा वाफ्यापुढं जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, "बाबा, ह्यो का सोडायचा?" मी म्हणालो, "इवायाच्या रातकिड्यांचा हाय." म्हातारा कामातनं गेला, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. तो बाजूनं मारत गेला. वाऱ्यानं फवारा माझ्याकडं आला, मी उपरणं नाकाला लावलं, पण हललो नाही. आणि मग आठवलं. दर खेपेला ती एका वाफ्यापुढं अशीच उभी राहायची, पदर नाकाला लावून, आणि मी पंप मारता मारता खेकसायचो, "सरक की बाजूला, तितं काय उभी ऱ्हातीस?"