थोरल्यांच्या खुर्चीमागचा फ्यूज

पंचेचाळिशी उलटली, कानांवरचे केस पांढरे झाले, तरी त्या घरात तिला सगळे 'धाकटी'च म्हणत. दुसरी सून म्हणून ती आली, तिच्यामागून कोणी आलं नाही, त्यामुळे बढतीचा प्रश्नच मिटला. मोठे दीर ते थोरले, त्यांची बायको ती जाऊबाई, आणि ही जन्माची धाकटी. बरं, नाव धाकटं ठेवलं तर ठेवा. पण वीजसुद्धा धाकट्या वाट्याची द्यायची, हा कुठला न्याय?

घर दोघा भावांचं. वर थोरले आणि जाऊबाई, खाली धाकटी आणि तिचा नवरा. खालच्या रस्त्याकडच्या खोलीत तिने छपाईचा धंदा मांडला होता. टीशर्टवर नावं, जर्सीवर आकडे, कारखान्याच्या गणवेशांवर शिक्के. विनाइलच्या, म्हणजे चिकट प्लास्टिकच्या, पातळ पापुद्र्यातून आकडा कापायचा, कापडावर बेतून ठेवायचा आणि वरून तापलेली जड प्लेट ओढून दाबायची. दीडशे अंश, पंधरा सेकंद, की आकडा कापडाचाच होऊन बसतो. या यंत्राला हीट प्रेस म्हणतात. जाऊबाई इस्त्री म्हणत. "आमच्या धाकटीने इस्त्रीचं दुकान टाकलंय," असं त्यांनी चारचौघांत सांगून ठेवल्यामुळे दर आठवड्याला कोणीतरी चुरगळलेल्या शर्टांचं गाठोडं काखेत मारून दारात उभं राही.

"इस्त्री नाही करत मी."

"मग ते आत तापतंय काय?"

"माझं डोकं!"

मशीन विकणाऱ्याने तिला सांगितलं होतं, "घरातल्या कुठल्याही प्लगला लावा मॅडम, मिक्सरसारखी चालते." तिने लावली. संध्याकाळपर्यंत प्लगचा बोर्ड मेणासारखा पाघळला. मिक्सर असतो पाचशे वॅटचा, ही दोन हजारांची. विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. त्याला सगळं माहीत होतं, आणि सांगितलं तर बाई हात आखडेल हेही माहीत होतं.

मग वायरमन आला. त्याने जाड वायर ओढून मोठा पॉइंट काढून दिला आणि हत्यारं गोळा करता करता म्हणाला, "ताई, ही एकटी नऊ अँपिअर खाणार. वरचा गीझर तेवढेच खातो. आणि तुमचा घराचा मेन फ्यूज पंधराचा. दोघं एकदम जेवायला बसले की पंगत उठलीच समजा. वेगळा मीटर घ्या."

थोरल्यांच्या कानावर हे घातलं तेव्हा ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता ते म्हणाले, "वेगळा मीटर म्हणजे घर फुटलं. आज मीटर, उद्या चूल, परवा मध्ये भिंत. लोक काय म्हणतील? माझी सही मिळणार नाही."

लोकांना दुसऱ्याच्या मीटरकडे बघायला वेळ असतो, ही थोरल्यांची ठाम समजूत होती. मीटर त्यांच्या नावावर, मेन स्विच वरच्या दिवाणखान्यात, आणि फ्यूजची पेटी नेमकी त्यांच्या आरामखुर्चीच्या पाठीमागे. राजाच्या सिंहासनामागे खजिना असतो तशी. फ्यूज उडाला की तो बसवायचा मान त्यांचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि ते झोपले असले की घराने अंधारात बसून त्यांच्या घोरण्याला मान द्यायचा.

यातून हाळीची पद्धत निघाली. जड काही सुरू करायचं तर जिन्यात उभं राहून ओरडायचं. वरून जाऊबाई ओरडत, "गीझर!" की धाकटी हातातलं काम टाकून मशीनचा खटका बंद करी. "मोटर!" की पुन्हा बंद. पाणी तापेपर्यंत, टाकी भरेपर्यंत प्लेट थंड होई, आणि ती परत तापायला लागे ती वेळ हिच्याच डोक्यावर. उलट हिने खालून "प्रेस!" म्हणून हाक दिली तर वरून उत्तर येई, "काय गं, कोणाला बोलावतेस?" सहा वर्षं हे असं चाललं. नवऱ्याला सांगावं तर त्याचं एकच औषध सगळ्या रोगांवर: "जाऊ दे."

"जाऊ दे, जाऊ दे! जायला आता उरलंय काय माझ्याकडे?"

"चिडू नकोस गं. मोठा आहे तो."

त्या महिन्यात शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघाच्या जर्सी आल्या. शाळेच्या खेळाच्या बाईंनी पहिल्यांदाच काम दिलं होतं, आणि देताना स्पष्ट बोलल्या होत्या, "हे नीट झालं तर अख्ख्या शाळेचे टीशर्ट तुमच्याकडे. वर्षभराचं काम आहे." धाकटीने मोठ्या मशीनची चौकशीसुद्धा करून ठेवली. एका वेळी दोन कपडे दाबणारी, साडेतीन हजार वॅटची. पण तिला वीस अँपिअरची स्वतंत्र लाईन हवी. या घरात ती लावली तर फ्यूजच काय, थोरलेच उडाले असते.

सामन्याच्या दिवशी दुपारी शाळेची गाडी दारात येऊन उभी राहिली आणि शेवटच्या चार जर्सी बाकी होत्या. तेवढ्यात मशीनवरचे आकडे विझले, पंखा थांबला. वर जाऊबाईंनी चादरी भिजवायला गीझर लावला होता. हाळी? धाकटीला हाळी देऊन का त्यांनी पाणी तापवायचं?

ती धावत वर गेली. थोरले आरामखुर्चीत, मान मागे टाकून, डोकं थेट फ्यूजच्या पेटीला टेकवून झोपले होते. हात लांब केला असता तर पेटी हाताला लागली असती.

"पडलेत ते आत्ता," जाऊबाई दारात हात आडवा धरून कुजबुजल्या. "उठले की बसवतील."

"ताई, गाडी उभी आहे दारात!"

"मग चहा दे ड्रायव्हरला."

धाकटी खाली आली. प्लेटला हात जवळ नेऊन पाहिला, धग होती. बाहेरून ड्रायव्हरने हॉर्न दिला. दीडशे अंश नाहीत हे तिला कळत होतं, किती आहेत ते दाखवणारा आकडा विझलेला होता. पण धग तर आहे ना, म्हणत तिने मरत्या प्लेटवर त्या चार जर्सी एकामागून एक दाबल्या, पंधराऐवजी तीस मोजले, वरून स्वतःचं सगळं वजन टाकलं. आकडे बसल्यासारखे दिसले. दिसण्यावर जाऊ नये, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकतात. ती शिकली होती. तरीही दाबल्या, घड्या घातल्या आणि दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेळाच्या बाई आल्या त्या जर्सी हातात नाचवत. "ही बघा. अठरा नंबरची. पहिल्या हाफमध्येच आठचा आकडा गळाला, राहिला एक. आमच्या गोलकीपरचा नंबर एक! पंच म्हणतो, मैदानात दोन गोलकीपर कसे? ही दुसरी, हिच्यावर काहीच उरलं नाही. नंबर नाही तर खेळायचं नाही, म्हणून पोरीला बाहेर बसवली. रडत होती ती."

"हरलो?"

"हरलो तर हरलो, हसं झालं त्याचं काय? उन्हात नंबर वेचत होत्या मुली गवतातून!"

धाकटीने तोंड उघडलं ते गीझरचं सांगायला, आणि मिटलं. त्या पोरीला काय सांगणार, की माझे मोठे दीर झोपले होते म्हणून तू बाकावर बस?

"चारही नव्या करून देते. चूक माझी आहे."

"ते कराच. पण शाळेचं काम असल्या विजेवर देऊ मी? महिनाअखेरपर्यंत स्वतःची लाईन घ्या. नाहीतर मी दुसरीकडे जाते, मग नाराज होऊ नका."

धाकटी जर्सी घेऊन तशीच वर गेली. थोरले खुर्चीत होते, जागे.

"भाऊजी, मला मीटर हवाय. या महिन्यात."

त्यांनी जर्सीकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. "काम जमत नसेल तर करू नये. विजेला दोष देऊन काय उपयोग?"

"आणि गीझर न सांगता लावल्याचा?"

"ऐकलंत?" जाऊबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आता या घरात आंघोळीलाही हिची परवानगी! तुझ्या त्या इस्त्रीपायी आम्ही पारोसे राहायचं का गं धाकटे?"

धाकटी खाली आली. नवरा चहा पीत बसला होता. ती त्याच्यासमोर येरझाऱ्या घालत राहिली.

"सही नाही देत म्हणजे काय? पाय धरते त्यांचे, पण सही घेतेच. अर्जावर घरमालकाची सही लागते, तीच अडवून ठेवलीये भाऊजींनी..."

"त्याची नाही लागत," नवरा कपात बघत म्हणाला.

"काय?"

"खालचा मजला माझ्या नावावर आहे. बाबांनी तसंच करून ठेवलंय. वीज ऑफिसात माझी सही चालते. वायरमन म्हणाला होता मला."

"कधी?"

"तेव्हाच. मशीन आली तेव्हा."

ती जिथल्या तिथे थांबली. थोरल्यांचा माज तरी समोरून यायचा, दिसायचा, त्याच्याशी दोन हात करता यायचे. हा माणूस तर तिच्याच ताटाला ताट लावून जेवत होता. रोज तिला मशीन बंद करताना पाहत होता. रोज जिना चढताना पाहत होता. आणि खिशात पेन असून गप्प होता.

"मग बोलला का नाहीत?"

"दादाला वाईट वाटलं असतं. म्हटलं, जाऊ दे."

"आणि मला काय वाटत होतं? का मला वाटणंबिटणं नसतंच, मी नुसती वॅटवर चालते?"

त्याने कप खाली ठेवला. तिने नंबर गळालेली जर्सी त्याच्या मांडीवर टाकली.

"वर जा. त्यांना तुम्ही सांगायचं, मीटर आपण घेतोय म्हणून. मी येणार नाही. मी खूप चढले तो जिना."

"उद्या बोलतो."

"उद्या नाही. हे घेऊन जा आणि दाखवा, एका पोरीला कशामुळे बाहेर बसावं लागलं ते."

तो गेला. एकेक पायरीला थांबत, पण गेला. खाली तिने कान दिला. आधी थोरल्यांचा चढा आवाज आला, मग जाऊबाईंचा. मग मधे नवऱ्याचा, इतका हळू की शब्द कळेनात. एकच ऐकू आला, दोनदा: "नाही दादा. नाही."

उतरला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, बायकोने शिकवून पाठवलंय."

"मग?"

"म्हटलं, सहा वर्षं शिकवतेय. मला आत्ता आलं."

तिला हसू आलं होतं, पण तिने ते त्याला दिलं नाही. अर्ज पुढे केला, पेन दिलं, आणि सही होईपर्यंत समोरून हलली नाही.

मीटर महिनाअखेरीच्या आत बसला. वायरमन भिंतीला भोक पाडत असताना जाऊबाई जिन्यात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. थोरले दोन दिवस पेपराआडून बाहेर आले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी नवीन लाईनचा लोड किती म्हणून वायरमनला विचारलं आणि ऐकून "हूं" म्हणाले. घर फुटलं नाही. भिंत उभी राहिली नाही. लोक काही म्हणाले असतील तर ते इतक्या हळू म्हणाले की कोणाला ऐकू आलं नाही. मग सहा वर्षं कशाला भ्यायचं होतं, हे या घरातल्या एकाही शहाण्याने आजवर धाकटीला सांगितलेलं नाही.

मोठी मशीन आली. आधी तिने त्या चार जर्सी नव्याने दाबल्या, गार झाल्यावर नखाने, मग चिमटीने आकडे ओढून पाहिले, आणि खेळाच्या बाईंकडे पाठवल्या. संध्याकाळी शाळेचे टीशर्ट आले, पोती भरून. नवरा कामावरून आल्यावर न सांगता तिच्यासमोर उभा राहिला आणि एकेक टीशर्ट प्लेटवर पसरून द्यायला लागला. दहाबारा झाल्यावर म्हणाला, "झालं ना आता मनासारखं?"

"मनासारखं सहा वर्षांपूर्वी झालं असतं," ती प्लेट खाली ओढत म्हणाली. "आता झालंय ते नुसतं झालंय. गळा नीट धरा, वाकडा जातोय."