मधला ओटा

बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सैपाकाच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होतो. ती एका बाजूला, मी समोर, अन् आमचा शेजारी कडेला उभा राहून आम्ही सोललेले दाणे खात होता.

भिंतीला ओल येते म्हणून ओटा मी सैपाकखोलीच्या मधोमध बांधून घेतला, तेव्हा सारं अड्याळ गाव हसलं. शेजारी तर रोज विचारे, "भाऊ, हा चबुतरा कायले? वर तुमचा पुतळा बसवाचा हाये का?" अन् त्याच चबुतऱ्यावर कोपर टेकून चहा पिये. दार वाजवणं त्याला माहीतच नव्हतं. तरी तो आत येईपर्यंत तिचा चहा तयार असे. मी म्हणे, हिचे कान मोठे तिखट.

तिच्या तेरवीनंतर तो एका संध्याकाळी आला. आपल्याच कडेला उभा राहून वाटीभर शेंगा सोलल्या, एक दाणा तोंडात टाकला नाही, अन् वाटी माझ्याकडं सरकवून गेला. वाटलं, आता हाही यायचा नाही, ओट्याला प्रदक्षिणा मी एकट्यानंच घालायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या जागी उभा राहून स्टोव्ह पेटवला. समोर उघडं दार, अंगण, अन् पलीकडे त्याचं फाटक. इतकी वर्षं दाराकडं माझी पाठ, अन् मी शहाणा तिच्या कानांचं कौतुक करत राहिलो. शेजारी फाटकापर्यंत आला होता, अन् परत वळत होता.

"कुठी चालला बे?" मी ओरडलो. "चहा ठेवला हाये. पुतळा उभा झाला, दर्शन घेऊन जाय!"