ब्रेक लावलेला बुलबुल

माझ्या साडूंइतका सुरांवर जीव टाकणारा आणि सुरांनी इतका छळलेला माणूस अख्ख्या निजामी मुलखात दुसरा झाला नसेल. धाराशिवच्या मदरशात, म्हणजे तिथल्या सरकारी शाळेत, ते ड्रॉइंग मास्तर होते. मुलांना आंबा काढायला सांगायचे आणि स्वतः टेबलावर बोटांनी कसलीतरी गत वाजवत बसायचे. मुलांच्या आंब्यांची वांगी झाली तरी त्यांना पत्ता नसायचा. एकदा कसल्याशा परीक्षेसाठी हैदराबादला गेले, तिथून नापास होऊन आणि बुलबुलतरंग घेऊन परतले, आणि नापास झाल्याचं घरी सांगायचं विसरले. ज्यांनी हे वाद्य पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांच्या डोक्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. कव्वालीवाले ते झकास वाजवतात. साडूंनी त्या बिचाऱ्या पेटीला सायकलीचा ब्रेक बसवला.

म्हणजे खरोखरीचा ब्रेक. बुलबुलचं दुखणं असं, की त्याचा सूर एका बटणावरून दुसऱ्या बटणावर उडी मारतो. मध्ये घसरत नाही, थरथरत नाही. माणसाचा गळा जसा लवतो तसं हे वाद्य लवलं पाहिजे, असं साडूंनी मनावर घेतलं. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी त्यांनी सुटी केली, तिला मागून सायकलीच्या सीटच्या स्प्रिंगा अडकवल्या आणि वर ब्रेकची दांडी ठोकली. दांडी दाबली की घोडी कलायची, तारा सैल पडायच्या, सूर खाली ओघळायचा. दांडी सोडली की स्प्रिंगा घोडीला परत ओढायच्या आणि सूर जागेवर यायचा; निदान यायला हवा होता. सायकल तेव्हापासून बिनब्रेकची झाली. आमची दोघांची सासुरवाडी येरमाळ्याची. तिकडे जाताना उतार लागला की साडू कॅरिअरला बाभळीची फांदी बांधत. ती मागं फरफटत यायची आणि एवढा धुरळा उठायचा की सासऱ्यांच्या वाड्यावर जावई येतोय का मेंढरांचा कळप, हे अगदी दारात येईपर्यंत कळायचं नाही.

सूर मात्र जागेवर यायचा नाही. दोन-तीनदा दांडी हलवली की सगळी पेटी बिघडलेली असायची. पण साडूंनी आपल्या वाद्याला कधी दोष दिला असेल तर शपथ. दोष जगाचा. भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला त्यांनी भर आरतीत सांगितलं की तुमची पेटी चढली आहे. कचेरीवरची तासाची घंटा उन्हानं फुगून बेसूर झालीय, असा त्यांनी शोध लावला होता. तेव्हा मदरशातले उर्दूचे मौलवीसाहेब, ज्यांना साडूंबद्दल फार माया होती, ते हळूच म्हणाले, "घंटे कू कायकू बोलते मास्टरसाब, पहले बाजा देखो." पण ऐकतील ते साडू कसले. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. त्यांच्या पूजेतली घंटी अर्धा सूर उतरल्याचं साडूंनी त्यांना सोवळ्यात असताना सांगितलं. मामा तसे कडक. ही घंटी आपल्या आजोबांपासून वाजते आहे आणि देवानं अजून तक्रार केलेली नाही, एवढंच ते म्हणाले. आणि त्या दिवसापासून थोरल्या जावयाशी थेट बोलायचं त्यांनी जवळजवळ सोडलंच. काही सांगायचं झालं तर, मी जावई झाल्यापासून, मला सांगत, साडू समोर बसलेले असले तरीसुद्धा.

त्यावर कळस झाला माझ्या लग्नात. साडूंनी हौसेनं मंगलाष्टकांना साथ धरली. पहिल्याच कडव्याला रंगात येऊन दांडी दाबली आणि तारा उतरायला लागल्या. भटजी बिचारे सुरांचे पक्के होते, ते साथीबरोबर खाली खाली गेले. शेवटचं सावधान इतक्या खोलातून आलं की अंतरपाट काढायचा का नाही हे कुणालाच कळेना, आणि मी हार घेऊन तसाच उभा. मामांनी त्याच मांडवात जाहीर केलं की हे डबडं पुन्हा या घरच्या कार्याला आणायचं नाही.

घरात आता एकच कार्य उरलं होतं, आमच्या धाकट्या मेव्हणीचं, कुसुमचं. सासूबाई गेल्या तेव्हा कुसुम अगदी लहान होती. आक्कांनी, म्हणजे साडूंच्या बायकोनं, तिला धाराशिवला आणून लेकीसारखी वाढवली. पोर आईच्या आठवणीनं रडायला लागली की साडू बुलबुल पुढे ओढायचे आणि दांडी हलवायचे. त्या डुगडुगत्या आवाजाला ती खुदकन हसायची. दांडीची पहिली आणि बरीच वर्षं एकमेव चाहती तीच. तिचं लग्न सोनारी गावाकडं ठरलं तेव्हा तिनं बापाला सांगितलं, दाजी वाजवणार नसतील तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. दोन दिवसांनी मामा मला म्हणाले, "वाजवा म्हणावं त्यांना. पर एक सूर जरी हलला, तर ती पेटी म्या मांडवातनं उचलून हिरीत टाकीन. पोरीदेखत टाकीन." साडू माझ्या शेजारीच बसले होते. त्यांचा चेहरा पार उतरला.

आणि मग जे सुरू झालं ते आठवलं की आजही अंगात वारं शिरतं. साडूंनी जन्मात पहिल्यांदा कबूल केलं की दोष आपल्या पेटीत आहे, आणि एकदा कबूल केल्यावर ते त्या दोषाच्या मागे हात धुऊन लागले. मी धाराशिवलाच नोकरीला. रोज संध्याकाळी कचेरीतून सुटलो की थेट त्यांच्याकडे. आधी संशय खुंट्यांवर. त्या ढिल्या असतील म्हणून भोकांत कागदाच्या पट्ट्या सारल्या. खुंट्या अशा आवळल्या की फिरवायला पक्कड लागायची. फरक शून्य. मग नव्या तारा ताण खाऊन लांबतात असं निघालं. त्यांना आधीच ताणून घ्यावं म्हणून साडूंनी आढ्याला तारा बांधून त्यांना पाण्यानं भरलेले तांबे लटकवले. घरात पाहुणे आले तेव्हा प्यायला एकही तांबा जागेवर नव्हता, आणि आक्कांनी पाहुण्यांना आढ्याकडं बोट दाखवलं. तारा लांबायच्या थांबल्या, पण सूर हलायचा तो हललाच. मग स्प्रिंगा. एक तार चढवावी तर घोडी पुढे ओढली जाऊन बाकीच्या साऱ्या उतरत. त्या चढवाव्यात तर पहिली रुसून बसे. जावांचं घर सांभाळण्यासारखंच काम ते. सगळ्यांना थोडं थोडं देत, पुन्हा पहिलीकडे येत, साडूंनी तारांचा ओढा आणि स्प्रिंगांचा ओढा असा बरोबर जुळवला की घोडी अगदी सपाट उभी राहिली. आम्ही श्वास रोखून दांडी दाबली, सोडली. सूर आला, पण किंचित खालीच थांबला.

साडू डोकं धरून बसले. लग्न तोंडावर आलं होतं. जुम्म्याची, शुक्रवारची सुटी होती, दुपारची वेळ, गल्ली शांत. चिडून त्यांनी खुंट्यांजवळ त्या तारेला बोटानं ढोसलं, आणि बारीकसा टिक असा आवाज झाला. सूर टुणकन जागेवर. साडूंनी माझ्याकडं पाहिलं. पुन्हा दांडी दाबली, सोडली, पुन्हा ढोसलं, पुन्हा टिक. खुंट्यांच्या अलीकडं हाडाची एक पट्टी असते, तिच्या खाचांतून तारा जातात. तार सैल पडून पुढे सरकायची ती तिथंच अडकायची, परतायचीच नाही. साडू माझा हात गच्च धरून म्हणाले, "साडूभाऊ, चोर घरातच व्हता, आन् आपुन सारं गाव पालथं घातलं." आता खाच गुळगुळीत करायची, म्हणून त्यांनी आक्कांच्या नकळत तूप लावलं. सूर तासभर सोन्यासारखा लागला. दुसऱ्या दिवशी पेटीत मुंग्यांची रांग लागली होती, आणि बटण दाबलं की दोन-चार मुंग्या घाईघाईनं बाहेर येत. तूप पुसलं. मग ड्रॉइंग मास्तरांचं लक्ष स्वतःच्या खिशाकडं गेलं. मऊ शिसपेन्सिलीचं टोक त्यांनी खाचेत घोळवलं. काळी, निसरडी भुकटी बसली. तारा चढवल्या, दांडी दाबली, सोडली. सूर जागेवर. पुन्हा दाबली. जागेवर. मी दाबली, आक्कांनी पिठाच्या हातांनी दाबली, जागेवर. साडू आणि मी, चांगले बायकापोरांचे धनी, अंगणात एकमेकांचे हात धरून फुगडी घातल्यासारखे नाचलो.

लग्नात साडू सकाळपासून वाजवत होते आणि एक तार हलली नाही. गंमत अशी झाली की कुणी त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. एरवी त्यांचं वाजवणं म्हणजे लोकांना तमाशा. आज ते सुरात होतं, तर लोक आपापल्या गप्पांत. धाराशिवहून आलेले मौलवीसाहेब तेवढे कानाशी येऊन म्हणाले, "आज बाजा अपनी जगा पे बैठा है, मास्टरसाब." साडू हसले, पण मला दिसत होतं, दांडीला त्यांनी दिवसभर हात लावला नव्हता. सगळं नीट करूनही त्यांचा धीर झाला नव्हता. मामा खांबाशी उभे होते आणि त्यांची नजर पेटीवर होती.

पाठवणीला बैलांची दमणी जुंपली. कुसुम सगळ्यांच्या पाया पडत साडूंपाशी आली. पाया पडली आणि तिथंच बसून राहिली. म्हणाली, "दाजी, आज दांडी हलवलीच न्हाय तुमी." साडूंनी मामांकडं पाहिलं. मग साडूंनी तार छेडली आणि दांडी दाबली. सूर थरथरत खाली गेला, तसाच थोडा वेळ राहिला, आणि हळूहळू वर येऊन आपल्या जागी टेकला. कुसुम हसली, आणि हसता हसताच असं रडायला लागली की आक्कांना तिला उचलून दमणीत बसवावं लागलं. मलाही आवरेना, आणि ते सांगायची मला लाज वाटत नाही.

दमणी गेली, हलगीवाले थांबले, माणसं पांगली. साडू पेटीपुढं मान खाली घालून बसले होते. मामा माझ्याजवळ आले.

"सूर आला व्हता का वो परत जाग्यावर?" त्यांनी विचारलं.

आला होता, मी म्हणालो.

"मग आजून एकदा वाजवा म्हणावं त्यांना. पोर वढ्यापातुर गेली आसंल. ऐकू जाईल तिला."

ओढ्यापर्यंत बुलबुलचा आवाज जाणं शक्यच नव्हतं. मला ते कळत होतं, मामांना कळत असणार, आणि साडूंना तर नक्कीच. साडूंनी उपरण्यानं डोळे पुसले, पेटी उचलून ओढ्याच्या बाजूला वळवली आणि दांडी पार तळापर्यंत दाबली. मामा मांडवाचा खांब धरून ऐकत राहिले.