सोनाळ्याच्या अंगणात आपटलेलं दार

लोक उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जातात, खिसा जड असेल तर हिमाचलला. मी चिखलीहून सोनाळ्याला गेलो. माझी थोरली बहीण नंदाताई तिथे दिली आहे आणि दर उन्हाळ्यात तिला माहेरी आणायचं काम माझ्या गळ्यात आहे. गेल्या वर्षी ती दोनच दिवसांसाठी आली आणि दोन्ही दिवस शिंकत बसली. बाबांच्या जुन्या गाडीतून येताना नाकातोंडात गेलेली धूळ निघेपर्यंत तिची परत जायची वेळ झाली. यंदा आईनं आधीच बजावलं, "आठ दिवस तरी राहू द्या म्हणा तिच्या सासूले. अन् त्या गाडीचे दारं नीट कर पह्यले."

दारांचा तसा दोष नव्हता, दोष त्यांच्या रबरांचा. ती वाळून, तडकून निम्मी गळून पडली होती. दार लावल्यावरही फटीतून रस्ता दिसायचा. गाडीनं वेग घेतला की फटी शिट्टी वाजवायच्या, त्यावरून मी वेगाचा अंदाज घ्यायचो. काटा तर बाबांच्या काळापासूनच शून्यावर आहे.

"एवढ्या जुन्या गाडीचं रबर खामगावले भेटन," असं चिखलीतल्या तिन्ही दुकानदारांनी सांगितलं, म्हणून सकाळीच निघालो. अमडापूरमार्गे रस्ता चांगला आहे. वाटेत आलूबोंडा खाऊन घ्या, मिरची मागून घ्या.

खामगावच्या दुकानात आमच्या गाडीचं रबर नव्हतंच. मीटरवर मिळणारं गुंडाळीतलं रबर होतं. "सगळ्या गाड्यायले हेच चालते," दुकानदार म्हणाला. हे वाक्य मी आजवर पुष्कळ ऐकलंय आणि दर वेळी भाबडेपणानं मान डोलावली आहे. त्याच्या कारागिरानं जुना गोंद पेट्रोलनं खरवडला आणि चौकटीच्या कडेनं नवं रबर दाबत नेलं. मी व्हिडिओ बघून आलो होतो, त्यामुळे सूचना करत होतो. तो "हाव, हाव" म्हणत आपलंच करत होता. स्वतः बसवणार असाल तर रबर ओढून बसवू नका, नंतर ते आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. सांधा खाली ठेवा.

"जाड हाये जरासं," निघताना दुकानदार म्हणाला. "महिनाभर दार जोरात लावा लागन. लाजू नका."

नांदुऱ्याला स्टेशनजवळ कचोरी खाल्ली. पुढे पूर्णेवरचा पूल ओलांडला की उत्तरेला सातपुड्याची रेघ दिसू लागते. शेवटच्या टप्प्यात रस्त्याचं काम चालू आहे. तिथे समोरच्या ट्रकनं माझ्यावर अख्खं शेत उडवलं आणि आत काहीही आलं नाही. शिट्टीही नाही. इतकी शांतता की मला माझं गुणगुणणं ऐकू आलं आणि मी ते थांबवलं.

सोनाळ्यात ताईच्या सासऱ्यांनी, तात्यांनी, ओसरीवर पाणी दिलं. ताईच्या सासूबाईंना मी मावशी म्हणतो. त्यांनी चहाआधीच निकाल दिला. "कुरडयांचा गहू भिजू घातला हाये. दोन दिवस ठेवा तिले अन् पाठवून द्या."

आठ दिवसांचं भाषण मी पूर्णेपासून घोकत आलो होतो. प्रत्यक्षात तोंडातून फक्त "बरं" निघालं. दाराआड उभी असलेली ताई आत गेली. तिचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली आणि आईनं दिलेली आंब्यांची पिशवी आणायच्या निमित्तानं मी गाडीकडे सटकलो.

पिशवी काढली, दार लावलं. लागलं नाही. पुन्हा लावलं, परत आलं. मग दुकानदाराला स्मरून अंगातलं सगळं बळ काढलं आणि दार आपटलं. धाडकन! गोठ्यातली शेळी उठून उभी राहिली. समोरच्या घरातून दोन डोकी बाहेर आली.

ओसरीवर तात्या उभे राहिले होते. "काऊन, पाव्हणे रागावले काय?"

"नाही हो तात्या, रबर नवीन आहे."

"कायचं रबर?"

"दाराचं. मला अजिबात राग आलेला नाही."

आमच्याकडे रागावलेला पाहुणा अगदी हेच म्हणतो. शिवाय तो मुलीचा भाऊ असला की विषय गंभीर होतो. मला हाताला धरून चांगल्या खुर्चीवर बसवण्यात आलं. तात्या मावशींना म्हणाले, "तुमच्या कुरडया महत्त्वाच्या का पाव्हणे? आठ दिवस राहू द्या पोरीले."

"आठ काऊन? पंधरा राहू द्या. मी काय नाई म्हटलं काय?" मावशी म्हणाल्या.

मी आणखी एकदा खरं सांगून पाहिलं. त्यावर मानाचा टोपी-दुपट्टा आला. मग गप्प बसलो आणि भरीत-भाकर जेवलो.

गाव मागे पडल्यावर ताई म्हणाली, "नवीन रबर बसवलं ना रे?"

"तुले कसं कळलं?"

"तुले राग आलेला कोणी पाह्यला हाये कधी?"

"मंग तिथं बोलली काऊन नाई?"

"पंधरा दिवस भेटून राह्यले होते, बावळ्या."

आणि ती हसत सुटली. हसता हसता काचेला डोकं टेकलं आणि नांदुऱ्याच्या आधीच झोपली. ती या गाडीत कधी झोपलेली मला आठवत नाही. पदर नाकाला धरून माणूस झोपत नाही. सासरी सगळ्यांआधी उठणारी आणि सगळ्यांनंतर आडवी होणारी ताई तोंड किंचित उघडं टाकून झोपली होती. मला बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. आपण तिला शिंका येतात म्हणून काळजी करत होतो.

खर्च विचाराल तर रबर आणि मजुरी मिळून एक बरी साडी आली असती. टोपी मला सैल होते.

चिखलीला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. आई लगबगीनं फाटकात आली. मी ओठांवर बोट ठेवलं, हळूच उतरलो आणि दार तसंच उघडं सोडून दिलं. तेवढ्यात एक ट्रॅक्टर गेला आणि गल्लीतली सगळी माती गाडीत शिरली.

"दार लाव ना रे, धूळ जाऊन राह्यली आत," आई कुजबुजली.

"जाऊ दे," मी म्हणालो.