और कुछ?

धारच्या कलेक्टर कचेरीत फिनाइलचा तोच वास आला आणि मला बाकावर बसवेना.

कॉलेजात असताना अण्णाकाकांसोबत इथेच आले होते. मोहल्ल्याला सामुदायिक भवन हवं होतं, आणि त्याच्या बांधकामावर मजुरी आमच्याच पोरांना मिळायला हवी होती. साहेबांनी भवन लगेच मंजूर केलं, वर बघून विचारलं, "और कुछ?"

मी काकांना कोपरानं ढोसलं. पण आमचं घराणं जुन्या संस्थानच्या दरबारात चाकरी केलेलं. देणाऱ्यापुढे पुन्हा तोंड उघडायचं नाही, हे काकांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी हात जोडले. "बस, आपकी कृपा है।"

बाहेर येताच मी भडकले, "काका, पोरांच्या कामाचं?"

"अगं, दिलंय ते परत घेतील."

तेव्हा मला त्यांचा नुसता राग आला होता. त्या जोडलेल्या हातांमागची भीती आज कळते. भवन बाहेरच्या मजुरांनी बांधलं. आमची पोरं अजून पहाटे पीथमपूरच्या कारखान्यांकडे जाणारी बस धरतात.

आज त्याच भवनाची दुरुस्ती मागायची आहे, आणि पोरांना कामही. पुकारा होईपर्यंत मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालतेय, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. साहेबांपुढे ते आपोआप जोडले जायला नकोत.