नकाशात बसणारी मोरी

शेजारच्या गवंडीकाकांनी माझी अडचण दूर केली, हे आधी सांगते. चौथीतच शाळा सुटलेली मी, रत्नागिरीहून पिंपरीच्या कंपनीच्या खोल्यांत राहायला आले, तेव्हा मला आठवा महिना होता. मोरीत एका भिंतीला नळ, समोर पाण्याचा हौद. मध्ये बादली ठेवली की बसायला जागाच उरत नसे. उभ्यानं आंघोळ करताना दोनदा पाय घसरला. पोटातल्या जिवाच्या काळजीनं झोप उडाली.

तक्रार केली, तर कंपनीच्या बांधकामावर देखरेख करणारा ओव्हरसियर मोरी बघायला आला. म्हणाला, "नकाशात सगळं बसतंय, बाई."

माझं डोकंच फिरलं. "मग नकाशालाच घाला आंघोळ!"

काका म्हणाले, "सायेब, तुमीच बसून दावा की."

तो बसला. गुडघे हौदाला अडले, उठताना नळ डोक्याला लागला. मग त्यानं हौद हलवायची परवानगी दिली. काकांनी हौद फोडून कोपऱ्यात छोटा बांधला.

त्या नकाशाचा संताप अजून जात नाही. काकांची लेक बाळंतपणाला येईल, तेव्हा तिला मीच न्हाऊ घालीन.